आजोबांची नीळ, उडदातली

माजघर

सोलापूरचं आजोळचं घर गेल्या महिन्यात रिकामं केलं. मामा-मामी मुलाकडे राहायला गेले, घर विकलं. भांडीकुंडी, फोटो, ट्रंका यांच्या वाटण्या झाल्या. देवघरातल्या फळीच्या मागे एक पितळी डबी निघाली. हलवली तर आत दाणे वाजले. उघडली तर काळे उडीद, आणि उडदांत रुतलेली एक चांदीची अंगठी. गडद निळा लांबट गोल खडा, खालून उघडी बैठक, म्हणजे खडा बोटाच्या कातडीला टेकेल अशी.

आई दोन पावलं मागे सरकली. "ती नीळ आहे. हात लावू नकोस."

मला वाटलं कपड्यांना घालायची नीळ. मग कळलं, आजी नीलम म्हणत नसे, नीळच म्हणायची.

गोष्ट अशी. १९६२ साली आजोबांना साडेसाती सुरू होती. ते गिरणीत होते. कुणाच्या तरी सल्ल्याने सव्वापाच रत्तीचा नीलम घेतला, शनिवारी मधल्या बोटात घातला. तेविसाव्या दिवशी गिरणीत शिडीवरून पडले आणि मांडीचं हाड मोडलं. आजीने त्याच संध्याकाळी इस्पितळात साबण लावून अंगठी काढली. विकायची नाही, कारण घेणाऱ्याचं वाईट होईल. टाकायची नाही, कारण पैसे मोजलेत. मग उडीद, शनीचं धान्य. दर शनी अमावास्येला जुने उडीद वाहत्या पाण्यात सोडायचे, डबीत नवे भरायचे. आजी गेली २००४ मध्ये. तेव्हापासून उडीद तेच. टोके पडून त्यांचं निम्मं पीठ झालंय.

मी अंगठी घेऊन आले. आईला सांगितलं नव्हतं, आता माहीत आहे.

खरं सांगू? मला दागिन्यांचं वेड नाही. पण परवा सकाळी खिडकीत बसून दात घासायच्या जुन्या ब्रशने खडा धुतला. पीठ निघालं, चिकट तेल निघालं, आणि त्या दगडात उजेड शिरला. तो रंग शाईचा नव्हता, आकाशाचा तर नव्हताच. दिवेलागणीनंतर पाचदहा मिनिटं जो निळा असतो ना, दिवे लागलेत पण अजून रात्र झाली नाही, तो. मी चहा गार होईपर्यंत बघत बसले.

प्रश्न तीन. हा खरा नीलम आहे का, घरी कसं ओळखायचं? नीलममध्ये एवढं काय असतं? आणि घालावा का? (तिसऱ्यावर मारामारी होणार, ठाऊक आहे.)

---

अवांतरवाला

तिसऱ्या प्रश्नासाठी शेंगा भाजून बसलोय. चालू द्या.

---

शनवारी

ताई, गंमत म्हणून घेऊ नका. बाकी आठ रत्नं एकवेळ पत्रिका न बघता चालतील, नीलम नाही. माणूस राजा होतो किंवा रस्त्यावर येतो, मधलं काही नाही. आमच्याकडे आधी तीन रात्री उशीखाली ठेवून स्वप्नं बघतात, मग दंडाला बांधतात, मगच बोटात. तुमच्या आजोबांनी ही पायरी गाळली असणार. आजींनी उडदात ठेवली हे मात्र अगदी योग्य केलं. तुम्ही धुतलीत कशाला?

---

कोंदण

माझं आयुष्य खड्यांत गेलं. वडील झवेरी बाजारात खडे निवडायला बसायचे, मीही तिथेच चाळीस वर्षं काढली. आता डोंबिवलीत नातवंडं सांभाळतो. शनीचं मला विचारू नका, गिऱ्हाईक विचारायचं तेव्हाही मी छताकडे बघायचो. खड्याचं सांगतो.

नीलम आणि माणिक हे एकच दगड. इंग्रजीत कोरंडम, आपल्या जुन्या ग्रंथांतला कुरुविंद. लाल असला की माणिक, निळा असला की नीलम, पिवळा असला की पुष्कराज. गुलाबी, हिरवा, अगदी बिनरंगाही मिळतो. कठीणपणात मोहसच्या मापावर ९, वर फक्त हिरा. म्हणून साठ वर्षं वापरला तरी पैलूंच्या कडा तासल्यासारख्या राहतात. काच असेल तर कडा गुळगुळीत झालेल्या दिसतील. पण तुमची अंगठी उडदात झोपून होती, त्यामुळे ही खूण इथे निरुपयोगी.

आता रंग. हिऱ्यात उजेड फुटतो, सप्तरंगी ठिणग्या उडतात. नीलममध्ये त्या फार कमी. तो उजेड पितो आणि रंग करून परत देतो. त्यामुळे सगळी किंमत त्या निळ्यावर. फिकट असला तर पाण्यासारखा, फार गडद असला तर दौतीतली शाई, रात्री दिव्याखाली चक्क काळा. मधला हवा. जुने जाणकार मयूरकंठी म्हणायचे, मोराच्या मानेचा. पोथ्यांत अळशीच्या फुलाची उपमा आहे. मी गिऱ्हाइकाला गोकर्णीचं फूल दाखवायचो, दुकानाच्या मागे वेलच लावली होती.

एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. दुकानातल्या दिव्याखाली कुठलाही नीलम राजबिंडा दिसतो. तो घेऊन बाहेर या, सावलीत धरा. मग पुन्हा घरच्या पिवळ्या बल्बखाली धरा. दोन्हीकडे निळा राहिला तो नीलम. बाहेर निळा आणि आत काळा, तो शोकेसचा.

रत्तीबद्दल. सोनाराची रत्ती साधारण १२१ मिलीग्रॅमची. पण ग्रहाचे खडे विकणारे बरेच जण 'पक्की' रत्ती धरतात, ती १८२ मिलीग्रॅमच्या आसपास. म्हणजे सव्वापाच रत्ती एकाकडे पाऊण ग्रॅमही भरत नाही, दुसऱ्याकडे एक ग्रॅमला टेकते. दर रत्तीचा सांगतात, कुठली रत्ती ते सांगत नाहीत. कॅरटमध्ये वजन मागा. एक कॅरट म्हणजे २०० मिलीग्रॅम, त्यात खोट नाही.

खडा सुटा करून एखाद्या ओळखीच्या सोनाराकडे मिलीग्रॅम काट्यावर आधी हवेत आणि मग दोऱ्याला टांगून पाण्यात बुडवून वजन करा. आकडे इथे लिहा.

---

ठाण्याची_सुमी

धाग्याची वेळ अगदी जुळली. साखरपुड्यासाठी मला हिरा नको, नीलम हवाय. होणाऱ्या सासूबाईंचा चेहरा असा झालाय की जणू मी शनीशीच लग्न करतेय. त्यांना डायनाची अंगठी दाखवली. १९८१ मधली, १२ कॅरटचा सिलोनी नीलम, भोवती १४ हिरे, पुढे २०१० मध्ये तीच केटच्या बोटात गेली. सासूबाई म्हणाल्या, "आणि डायनाचं काय झालं?"

मी गप्प.

---

अवांतरवाला

सुमी, सासूबाईंना इथे सभासद करून घ्या. वादात त्या सगळ्यांना भारी पडतील.

शापित नीलमांच्या यादीत नेहमी येणाऱ्या एका खड्याबद्दल अवांतर. 'दिल्ली पर्पल सफायर' लंडनच्या नॅचरल हिस्ट्री म्युझियममध्ये आहे. एडवर्ड हेरॉन-ॲलन नावाच्या गृहस्थाकडे होता. त्याने तो डब्यात डबा घालून बंद केला आणि सोबत चिठ्ठी ठेवली, की हा १८५७ च्या धामधुमीत कानपूरच्या इंद्राच्या देवळातून लुटलेला, ज्याच्याकडे गेला त्याचं वाटोळं झालं. आता गंमत बघा, तो नीलमच नाही. जांभळा स्फटिक आहे, आपल्याकडे ज्याला कटेला किंवा जमुनिया म्हणतात तो. शाप द्यायलाही नाव मोठ्या घराण्याचं लागतं.

---

भूगर्भ

रंगाचं विज्ञान थोडक्यात सांगतो, कारण ते मला नीलमपेक्षाही सुंदर वाटतं.

कोरंडम म्हणजे ॲल्युमिनियम आणि ऑक्सिजन, बस. शुद्ध असेल तर पाण्यासारखा स्वच्छ. त्यात ॲल्युमिनियमच्या जागी क्रोमियम घुसलं की माणिक. नीलमसाठी मात्र दोघं लागतात, लोखंड आणि टायटॅनियम, आणि तेही शेजारीशेजारी बसलेले. एका अणूचा इलेक्ट्रॉन दुसऱ्याकडे उडी मारतो, त्या उडीसाठी प्रकाशातला पिवळा-लाल भाग खर्ची पडतो आणि निळा तेवढा उरतो. प्रमाण किती, तर शेकडा एकाचा काही शतांश. चिमूटभर म्हणणंही जास्त होईल.

शिवाय हा दगड दोन दिशांनी दोन रंगांचा दिसतो. एका अक्षाने बघितला तर खरा निळा, आडवा धरला तर हिरवट निळा. पैलू पाडणारा निळी दिशा वर येईल असा दगड बसवतो. पण तसं केलं आणि वजन घटत असेल तर? मग कारागिराचा हात आणि मालकाचा खिसा यांची झटापट. बाजारात हिरवट मारणारे जे नीलम दिसतात, त्यांतल्या काहींत दगडाचा दोष नसतो, वजन वाचवलेलं असतं.

आपल्या सह्याद्रीत एवढा बेसाल्ट असून नीलम का नाही, हे कुणी विचारायच्या आधीच सांगतो. थायलंड आणि ऑस्ट्रेलियातही नीलम बेसाल्टबरोबरच वर आला आहे, पण तो अल्कली बेसाल्ट, खूप खोलातून झपाट्याने वर येणारा. वाटेत आधीच तयार असलेले नीलम तो उचलून आणतो. दख्खनचा बहुतांश बेसाल्ट त्या जातीचा नाही. त्या बदल्यात आपल्याला मिळाली झिओलाइट, ॲपोफिलाइट ही खनिजं आणि पुण्याजवळ वाघोलीच्या खाणींतलं कॅव्हन्साइट. पांढऱ्या स्फटिकांवर बसलेले असे निळे गोंडे, की खोटे वाटावेत. कॅल्शियम, व्हॅनेडियम आणि सिलिकेट यांवरून नाव पडलं. जगभरचे संग्राहक वाघोलीचं नाव घेतात, पुणेकर मात्र तिथे फ्लॅट घेतात. अंगठीत बसवायला ते फार मऊ. म्हणजे निळं आपल्याकडेही आहे, फक्त ते बघायचं, घालायचं नाही.

---

डोंगरदऱ्या

श्रीलंकेत रत्नपुरला जाऊन आलोय, म्हणून चार ओळी.

भाताच्या खाचरांच्या मधोमध विहिरीसारखे खड्डे. आतून लाकडाचे ओंडके लावून धरलेले आणि ओंडक्यांमागे नेच्याची पानं कोंबलेली, माती ढासळू नये म्हणून. पंप सतत चालू, नाहीतर खड्डा भरतो. तळाशी गोट्यांचा एक थर लागतो, त्याला इल्लम म्हणतात. त्यासाठीच सगळं. ते गोटे टोपलीत घेऊन पाण्यात गोल गोल घोळवतात, तांदूळ धुतो तसे. हलके वरून जातात, जड तळाशी बसतात. मग एक म्हातारा ती टोपली उन्हात तिरपी धरून नुसता बघत बसला. बोट लावलं नाही. एकदाच हात घातला आणि वाटाण्याएवढा मळकट खडा काढला. मला तो रस्त्यावरच्या खडीसारखा दिसला. त्याने तो उजेडाकडे धरला, मी बघितलं आणि मला शब्दच सुचेना. आत एका कोपऱ्यात निळा थेंब साकळलेला होता, बाकीचा दगड पांढरा.

---

कोंदण

डोंगरदऱ्या, तुम्ही जे बघितलंत ते पुष्कळ दुकानदारही बघत नाहीत. सिलोनी दगडात रंग असाच एका जागी बसलेला असतो. हुशार कारागीर तो थेंब खाली टोकाशी येईल असा पैलू पाडतो. वरून बघितलं की सगळा खडा निळा, बाजूने बघितलं की जवळजवळ पांढरा. खोटेपणा नाही यात, ही कला आहे. खडा पांढऱ्या बशीत पाण्यात आडवा ठेवला की रंग कुठे बसलाय ते कुणालाही दिसतं.

सुमीने अजून विचारलं नाही पण विचारायला हवं होतं, ते तापवण्याचं. बाजारातले बहुतेक नीलम तापवलेले असतात. सोळाशे ते अठराशे अंशांच्या भट्टीत. पूर्वी सिलोनमध्ये 'गेउडा' नावाचे दुधट, धुरकट दगड कवडीमोलाने जायचे. १९७० च्या दशकात थायलंडच्या लोकांनी ते नेले, भट्टीत घातले आणि निळेशार करून विकले. त्या दुधटपणात टायटॅनियमचंच द्रव्य असतं, रेशमासारख्या सुया. भट्टीत त्या सुया दगडातच विरतात, टायटॅनियम लोखंडाच्या शेजारी जाऊन बसतं, आणि पुढची उडी भूगर्भ यांनी सांगितलीच आहे. बाहेरून काही घातलेलं नाही, रंग कायमचा. मला यात फसवणूक दिसत नाही. सांगून विकलं तर.

फसवणूक पुढची. फिकट दगडाच्या कातडीत टायटॅनियम मुरवतात, निळा थर केसाएवढा. जरा पॉलिश करायला गेलात की खालून पांढरा निघतो. बेरिलियम मुरवलेला त्याहून वाईट, कारण ते आतपर्यंत जातं आणि भिंगाला सापडेलच असं नाही, मोठी लॅबच लागते. आणि सर्वांत वाईट म्हणजे चिरांनी भरलेला भंगार दगड, त्यात निळी काच ओतलेली. लिंबाच्या रसानेसुद्धा ती काच खराब होते. असला 'नीलम' घालून लोणचं घालायला बसू नका.

न तापवलेला, रंगाने पूर्ण आणि मोठा असा खडा फार दुर्मिळ. त्याची किंमत तापवलेल्याच्या कितीतरी पट. म्हणून सुमी, दुकानदार 'नॅचरल आहे' म्हणाला की मान डोलावू नकोस. तापवलेलाही नॅचरलच. 'हीटेड की अनहीटेड' विचार, आणि रिपोर्टवर 'नो इंडिकेशन्स ऑफ हीटिंग' हे शब्द आहेत का बघ. नसतील तर तापवलेला समज आणि तसा भाव दे.

आणि आतलं रेशीम म्हणजे नेहमी दोष नव्हे. त्या सुया तीन दिशांना नीट ओळीने बसल्या आणि खडा पैलू न पाडता घुमटासारखा घासला, तर वर सहा किरणांचा तारा उमटतो. आणि रेशमाहूनही बारीक धूळ असली, तर काश्मिरी.

---

न्यूजर्सीकर

ताऱ्यावरून आठवलं. न्यूयॉर्कच्या नॅचरल हिस्ट्री म्युझियममध्ये 'स्टार ऑफ इंडिया' आहे, ५६३ कॅरट. मुलांना कौतुकाने दाखवायला नेलं की बघा आपला भारत. पाटी वाचली तर दगड श्रीलंकेचा. मुलगी म्हणाली, "बाबा, हे पण आपलं नाही?"

१९६४ च्या ऑक्टोबरात तो तिथून चोरीला गेला होता. चोर रात्री उघड्या राहिलेल्या खिडकीतून शिरले. पुढच्या जानेवारीत मायामीच्या बसस्थानकातल्या लॉकरमध्ये सापडला. कोट्यवधी वर्षं जुना खडा आणि शेवटी आपल्या एसटी स्टँडवरच्या सामानघरासारख्या खोक्यात.

---

हिमशिखर

कोंदणकाकांनी काश्मिरी म्हणून सोडून दिलं, ते कसं चालेल!

किश्तवाडमधलं पाडर, तिथलं सुमजाम गाव. त्याच्या वर साडेचार हजार मीटरच्या आसपास १८८१ च्या सुमारास दरड कोसळली आणि पांढऱ्या मातीत निळे दगड उघडे पडले. म्हणतात, सुरुवातीला व्यापाऱ्यांनी ते मिठाच्या बदल्यात नेले. महाराजा रणबीर सिंगांना खबर लागली, त्यांनी पहारा बसवला. खरी लूट झाली १८८२ ते १८८७ या काळात, तीही वर्षातले बर्फ नसलेले दोन-तीन महिने धरून. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे टॉम लाटूश तिथे पोचले तेव्हा वरची खाण जवळजवळ संपली होती. पुढे पुष्कळांनी खणलं, तसा साठा पुन्हा लागला नाही. आज लिलावात 'काश्मीर' एवढा एक शब्द रिपोर्टवर असला की भाव बदलतो, तो या पाचसहा उन्हाळ्यांच्या जोरावर.

---

कोंदण

बरोबर. मी आयुष्यात दोनच हातात घेतलेत. मखमल म्हणतात ती कशी ते तेव्हा कळलं. इतर नीलम चमकतात, तो चमकत नव्हता. काचेवर श्वास टाकल्यावर जसं धुकं येतं तेवढंच धुकं आत, आणि रंग त्या धुक्यातून येत होता. दुसऱ्या वेळी मालकाने दहा मिनिटांनी खडा मागितला, मी दिला, आणि त्या दिवशी मग दुसरा कुठला खडा बघावासा वाटला नाही.

---

माजघर

वजन करून आले! सोनाराने आधी कपाळाला हात लावला, मग त्यालाच मजा वाटायला लागली.

हवेत ०.९५६ ग्रॅम. पाण्यात ०.७१७. फरक ०.२३९. हवेतलं वजन भागिले फरक, म्हणजे घनता ४.००!! आजोबांना 'पक्की' रत्ती दिली होती, तो हिशेबही जुळला, सव्वापाचला पाच-दहा मिलीग्रॅमसुद्धा कमी नाहीत.

नीलमची घनता चार आहे ना? काच अडीचच्या आसपास, टांझानाइट ३.३५, ज्याला नीली म्हणून विकतात तो आयोलाइट २.६. सगळं वाचून गेले होते. खरा निघाला! तोंडाची वाफ टाकली तीही झटकन उडाली.

---

कोंदण

ताई, आनंदावर विरजण घालायची माझी इच्छा नाही. कोरंडम आहे हे नक्की. पण खाणीतला की भट्टीतला, हे वजन सांगत नाही. वाफही सांगत नाही.

ऑग्युस्त व्हेर्नॉय नावाच्या फ्रेंच माणसाने १९०२ मध्ये ज्योतीत भुकटी वितळवून माणिक बनवल्याचं जाहीर केलं. थोड्याच वर्षांत त्याच पद्धतीने निळाही बनू लागला. घड्याळातले 'ज्युवेल्स' त्यातलेच. तुमच्या मनगटी घड्याळाला 'सफायर ग्लास' असेल तर तोही बनवलेला, बिनरंगाचा नीलमच. घनता तीच, कठीणपणा तोच, सगळं तेच. १९६२ मध्ये हा माल पेढ्यापेढ्यांवर होता. काही जण सांगून विकायचे.

एक करा. पांढऱ्या वाटीत ग्लिसरीन नाहीतर बेबी ऑइल घ्या, खडा बुडवा, खालून मोबाइलचा टॉर्च, मध्ये टिशू पेपर. भिंगाने बघा. रंगाचे पट्टे सरळ असतील, कोनात मिळत असतील, तर खाणीतला. त्याचा स्फटिक षटकोनी वाढतो. पट्टे वाकडे, तबकडीवरच्या रेघांसारखे असतील, तर ज्योतीतला. तो थेंबाथेंबाने गोल माथ्यावर वाढतो म्हणून.

---

माजघर

रात्री साडेअकरा. स्वयंपाकघर. वाटीत बाळाचं तेल.

वाकडे आहेत.

तीन पट्टे स्पष्ट, ताटाच्या कडेसारखा बाक असलेले. एका बाजूला अगदी बारीक बुडबुडा. मी खडा फिरवून फिरवून बघितला, सरळ होताहेत का. नाही झाले.

---

माजघर

नऊ दिवसांनी. मुंबईच्या लॅबमधून रिपोर्ट आला. सिंथेटिक सफायर.

आईला फोन केला. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "म्हणजे अण्णांना फसवलं." मग, "तीन महिन्यांचा पगार घातला होता त्यांनी." आणि मग एकदम, "आणि आई चाळीस वर्षं उडीद बदलत बसली!" आता ती हसतेय की रडतेय ते मला फोनवर कळेना.

---

शनवारी

बघा, मी म्हणत नव्हतो? कृत्रिम खड्याला ग्रहाचं तेज नसतं. नीलमने तुमच्या आजोबांचं काहीच वाईट केलं नाही. खरा असता तर त्याने त्यांना वाचवलं असतं. पडले ते साडेसातीमुळे.

---

अवांतरवाला

थांबा, हिशेब मांडतो. खरा असता तर पडले ते नीलम लाभला नाही म्हणून. खोटा निघाला तर पडले ते नीलम नव्हता म्हणून. शनवारी, तुमच्या धंद्यात तोटा कसा होतो हो?

---

शनवारी

मी कुणाकडून पैसे घेत नाही. बँकेत नोकरी केली, निवृत्त आहे. माझ्या वडिलांना नीलम लाभला होता, मी डोळ्यांनी बघितलंय. चेष्टा करा, हरकत नाही.

---

अवांतरवाला

माफी. धंदा शब्द मागे.

---

भूगर्भ

मला एकच खटकलं. 'खोटा' म्हणू नका. बोटावरचा खडा कोरंडमच आहे, निळा त्याच लोखंड-टायटॅनियममुळे आहे. आजोबांना विकताना जे सांगितलं ते खोटं होतं.

---

कोंदण

खरं आहे, पण बाजार इतका मोठ्या मनाचा नाही. मोडीत घातला तर चांदीचे पैसे येतील, खड्याचे चहापाण्यापुरतेही नाहीत. म्हणून मोडू नका.

---

ठाण्याची_सुमी

माझा खडा ठरला. तापवलेला, सिलोनी, दोन कॅरटच्या किंचित आत, रिपोर्टसकट. दुकानातून तीनदा बाहेर रस्त्यावर नेऊन बघितला, तिसऱ्यांदा त्यांचा वॉचमनही सोबत आला आणि म्हणाला, "मॅडम, पहिलावालाच चांगला." तोच घेतला. सासूबाईंना कोंदणकाकांची गोकर्णीची गोष्ट सांगितली. त्यांच्या गॅलरीत गोकर्ण आहे, त्यांनी फूल तोडून खड्याशेजारी धरून बघितलं. पत्रिका मात्र दाखवून आल्याच. गुरुजी म्हणाले चालेल. न चाललं असतं तर काय केलं असतं, हे मी विचारलं नाही.

---

माजघर

शेवटचं अपडेट आणि एक प्रश्न.

आई रविवारी आली होती. डबी मागितली. उडदाचं पीठ कुंडीत ओतलं, डबी घासून लख्ख केली. मग अंगठी खिडकीत नेऊन बघितली, मी बघितली होती तिथेच. "रंग छान आहे गं," म्हणाली. बोटात घालायला गेली तर पेऱ्यावर अडकली. आजोबा अगदी काटकुळे होते.

तर आता अंगठी मोठी करायची आहे. सोनार म्हणतो चांदी कापून तुकडा जोडतो, अर्ध्या तासाचं काम, खडा आहे तसाच राहू दे. चालेल ना?

---

कोंदण

नाही. खडा आधी काढून ठेवायला सांगा. डाग देताना टाकणखार लावतात, तो तापला की कोरंडमचा पृष्ठभाग खातो, पॉलिश जातं. खाणीतला असो की भट्टीतला, टाकणखाराला फरक कळत नाही. आणि परत बसवताना खालची बाजू उघडी ठेवायची की बंद, ते आईंना विचारा.